मेश्राम भाऊजींची ओंजळ

मेश्राम भाऊजींना पंचाहत्तरावं लागलं, अन् सत्कार करणाऱ्या मंडळींनी मले लिहायले बसवलं. मी गावच्या शाळेत शिकलेली. बोलते तशीच लिहीन.

लग्न होऊन जबलपूरले आली, तेव्हा नर्मदेच्या ग्वारीघाटावर त्यायले पहिल्यांदा पाहिलं. भाऊजी नदीचं पाणी तपासणारे साहेब, अन् आमचे हे त्यायची नाव चालवायचे. पँट गुडघ्यावर ओढून भाऊजी पाण्यात उभे होते. बाटली भरायच्या आधी त्यायनी एक ओंजळ पेली. मी म्हटलं, "काहून भाऊजी, घरी कोणी पाणी देत नाही का?"

ते हसले. "वहिनी, बाटली सरकारची, ओंजळ माझी."

कितीक वर्षं हाच नेम. मंग वरच्या अंगाला धरण झालं. ज्या खडकावर मी उन्हाळ्यात लुगडं वाळवायची, तो सकाळी उघडा अन् धरणातून पाणी सोडलं की दुपारी पाण्याखाली. भाऊजी म्हणायचे, "आता नदी वरच्यायले विचारून वाहते." शहर वाढलं, नाले येऊन मिळाले. एका सकाळी त्यायनी ओंजळ भरली, पाहिली, अन् सोडून दिली. त्या दिवशी मी चिडवलं नाही. भाऊजी वर लिहायचे, जाऊन भांडायचे. मोठे साहेब म्हणायचे, "अच्छा, देखते हैं." पाहूनच राहिले.

आमचे हे अंथरुणाला खिळले, तेव्हा एकच मागणं: नर्मदाजीचं पाणी. भाऊजी दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या घरून स्कूटर काढून शहराच्या पार वर गेले, नाले मिळायच्या आधीचं पाणी आणलं. गाळलं, उकळलं, थंड व्हावं म्हणून वारा घालत बसले.

मी म्हटलं, "भाऊजी, जाणाऱ्या माणसाले कशाचे जुलाब होतात?"

त्यायले हसू आलं अन् रडूही. "वहिनी, यानं जन्मभर माझी नाव सांभाळली. याले घाण पाजू?"

हे दोन घोट पेले अन् म्हणाले, "चव नाही याले."

उकळलं होतं ना! ते बोलणं भाऊजींना अजून टोचते.

परवा सत्कारवाले म्हणाले, "मेश्रामजी, घाटावर एक ओंजळ हो जाए, फोटो निघेल." भाऊजी म्हणाले, "फोटोसाठी नाही पेणार. पेण्यासारखी होईल तेव्हा बोलवा, धावत येईन."

तर भाऊजी, आता तुमाले जायची घाई करता येत नाही. नाल्यांचं जे चालून राहिलं, ते पाहता लय वर्षं थांबा लागते. गुडघे सांभाळा, पाण्यात उभं राहायचं आहे. अन् ओंजळ भरली की आधी मले पाजा. वर गेल्यावर ह्यांना चव सांगायची आहे.