कितवी?

जगातल्या प्रत्येक कामात एक पहिला नंबर असतो आणि तो आपलाच असायला हवा, यावर माझ्या रूम-पार्टनरइतका ठाम विश्वास असलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. सुरतेत नर्सिंगला असताना आम्ही दोघी वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलो. माझं घर तसं बमरोलीला, शटल रिक्षाने सहज जाता येईल इतकं जवळ, पण वसतिगृहात राहणं सक्तीचं होतं, म्हणून ही माझ्या वाट्याला आली. सकाळी आंघोळीच्या रांगेत ही पहिली, प्रार्थनेला पहिली, वॉर्डात जायच्या बसमध्ये ड्रायव्हरच्याही आधी चढलेली. मेसचं दार उघडायच्या आत ती ताट घेऊन उभी असे, आणि तव्यावरची पहिली पोळी हमखास कच्ची निघते हे ठाऊक असूनही तीच उचलून घेई. परीक्षेच्या सकाळी बाकीच्या मुली "माझं काहीच झालं नाही गं" म्हणून खोटं खोटं रडायच्या. ही खरं सांगून दुसऱ्यांना रडवायची. "माझं तीनदा वाचून झालं. तुझं?" असं ती अगदी प्रेमाने विचारायची, आणि समोरचीला आठवत असलेलं हृदयाचं चित्रसुद्धा पुसून जायचं.

आमच्या अभ्यासक्रमात, रुग्ण पलंगावर असतानाच त्याची चादर बदलायची, हे एक मोठं काम असतं. रुग्णाला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळत न्यायची, नवी अंथरत यायची, आणि चारही कोपरे असे दुमडायचे की सुरकुती दिसता कामा नये. या कामात पहिलं येण्यासाठी तिला रोज एक रुग्ण हवा होता आणि खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्यामुळे ती परीक्षा होईपर्यंत रोज पहाटे मला जाग यायची ती कोणीतरी डाव्या कुशीवर लोटत असल्याने. "घाबरू नका, मी फक्त चादर बदलते आहे," असं ती मला अहो-जाहो करून सांगायची, कारण रुग्णाला धीर देण्याला वेगळे मार्क होते. प्रत्यक्ष परीक्षेत तिचा अर्धा मार्क गेला. एका कोपऱ्याशी म्हणे चादर सैल होती. ती मॅडमच्या मागे वऱ्हांडाभर हिंडली. शेवटी मॅडम वैतागून म्हणाल्या, "बेन, अडधा मार्कमां तारुं शुं अटकी गयुं?" अर्ध्या मार्काने तुझं काय अडलं? त्यावर ती जराही न हसता म्हणाली, "बधुं, मॅडम." सगळंच.

आम्ही पुष्कळ दिवस तिच्या या उत्तराची नक्कल करून हसलो. पण मी तिच्याच खोलीत राहत होते, म्हणून मला थोडं जास्त दिसत होतं. तिचे वडील हजिऱ्याच्या एका कंपनीत साहेब होते. मूळचे नाशिककडचे, नीटनेटके, कमी बोलणारे. मुलगी डॉक्टर होणार हे त्यांनी ती चालायला लागली तेव्हाच ठरवलं होतं, आणि प्रवेश परीक्षेत ती थोडक्यात हुकली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची. त्यांनी फक्त तिच्याशी बोलणं कमी केलं. फोन आला की ते एकच विचारत, "कितवी?" हिने "पहिली" म्हटलं की "ठीक" म्हणून फोन तिच्या आईकडे देत. पहिल्या वर्षी एका चाचणीत ती दुसरी आली होती, तेव्हा "कितवी"चं उत्तर ऐकून त्यांनी "ठीक" न म्हणताच फोन दिला. त्या दिवाळीला सगळं वसतिगृह रिकामं झालं तरी ही खोलीतच राहिली. पहिला नंबर म्हणजे तिच्यासाठी घराची किल्ली होती. ती हातात नसली की ती दारापर्यंतसुद्धा जात नसे.

असं असलं तरी तिच्याबरोबर बाहेर पडणं म्हणजे करमणूक होती. नाडी बघण्याचा सराव करायचा म्हणून ती रिक्षावाल्याला पैसे देताना त्याचं मनगट सोडत नसे. कोपऱ्यावर लोचो, म्हणजे सुरतेचा सैलसर ढोकळा, विकणाऱ्याने तर हात पुढे करायची सवयच लावून घेतली होती. आधी नाडी, मग लोचो, त्यावर शेव. एक दिवस गर्दीमुळे ती विसरली तर त्यानेच हाक मारली, "बेन, आजे जोवानुं नथी?" आज बघायची नाही का? तिने परत जाऊन घड्याळ लावलं, पूर्ण मिनिटभर मोजलं आणि त्याला तेल कमी खायला सांगितलं. हे ती त्याच्याच गाडीवर, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर सांगत होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही मोठ्या वॉर्डांत काम करू लागलो आणि तिच्या शर्यतीला खरा रंग चढला. प्रत्येकीला एक रुग्ण निवडून, त्याची सेवा करून, त्याचा आजार सगळ्या वर्गासमोर मांडायचा असतो. त्याला आमच्यात 'केस' म्हणतात. आणि आमच्या भाषेत 'चांगली केस' म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला मला अजूनही संकोच वाटतो. माणूस जितका जास्त आजारी, तितकी केस चांगली. साध्या तापाच्या रुग्णाकडे कोणी बघायचं नाही, आणि एखाद्याचं दुर्मीळ दुखणं कळलं की त्याच्या पलंगापाशी मुलींची झुंबड उडायची. हिचं पळणं तर असं होतं की वॉर्डाच्या सिस्टर सकाळी दारात आडव्या उभ्या राहायच्या.

त्या वॉर्डात त्या वर्षीची सगळ्यात चांगली केस होती माझे आबा.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आयुष्य उधन्याच्या एका मिलमध्ये गेलं. धुळ्याकडून तरुणपणी आले ते सुरतेचेच झाले, बोली तेवढी अहिराणी राहिली. खोकला त्यांना बरीच वर्षं होता. मग धाप लागायला लागली, जिना चढवेना, आणि आम्ही त्यांना दाखल केलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं आकसत चालली आहेत आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत. बोटांची नखं फुगून गोल झालेली, छातीला स्टेथोस्कोप लावला की आत बारीक करकर ऐकू यायची. पुस्तकातली सगळी लक्षणं एका माणसात. माझी नेमणूक तेव्हा लहान मुलांच्या वॉर्डात होती. मी दुपारी डबा घेऊन गेले तर माझी रूम-पार्टनर त्यांच्या उशाशी बसून लिहून घेत होती. मला पाहून ती उठली, पण पेन खाली ठेवलं नाही. "मी नाही घेतली तर दुसरी कोणीतरी घेईल," असं म्हणाली. मला तिचा भयंकर राग आला.

आबांना मात्र आनंद झाला होता. शाळेत न गेलेला माणूस, पण आपल्या आजाराचा कोणाच्या तरी परीक्षेला उपयोग होतो आहे हे कळल्यावर ते पलंगावर ताठ बसायला लागले. "खोकला रात्ले जास्ती येस, लिखी ले बेटा," असं ते सांगायचे, आणि तिने लिहिलं की "आखो काय सांगू?" म्हणून आणखी काय राहिलं या विचारात पडायचे. डॉक्टरांना जे सांगायचे नाहीत ते तिच्यासाठी राखून ठेवायचे. दुसऱ्या मुली बोटं बघायला आल्या तर ही मधे उभी राहायची. "माझी केस आहे. हात लावायचा असेल तर आधी मला विचारा." यामुळे मुली तिच्यावर जळायच्या, पण आबांना दिवसातून दहा वेळा श्वास ओढून दाखवावा लागत नव्हता, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. ती त्यांची पाठ पुसायची, तोंड धुवायची, बमरोलीहून आलेली भाकरी दुधात कुस्करून भरवायची. यातलं बरंचसं मार्कांसाठी होतं. सगळंच मार्कांसाठी होतं, असं मला आता म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र बिघडली. घरी मी पास झाले की आबा म्हणायचे, "पास व्हयनी ना, मंग?" आणि जिलेबी आणायचे. माझा नंबर यादीच्या मधोमध कुठेतरी असायचा, तो कोणी विचारलाच नव्हता. आता दिवसभर हिच्या तोंडून पहिली-दुसरी ऐकून आबांनाही नंबराची ओढ लागली. दुसऱ्या वर्षाचा निकाल अजून लागायचा होता. "मनी पोर कितवी येई?" असं ते माझ्याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले. श्वास पुरत नव्हता, तरी हे विचारायला पुरत होता.

निकाल फोनवर आला तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्याकडेच निघाले होते. ती पहिली. मी नेहमीच्या ठिकाणी. त्यांच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता आणि आत ती त्यांचं अंग पुसत होती. मी पडद्याशीच थांबले, कारण आबांचा आवाज आला.

"निकाल लागना म्हंतस. मनी पोरना कितवा नंबर ऊना?"

कुठल्याही प्रश्नाला सगळ्यांच्या आधी हात वर करणारी ती मुलगी या वेळी नुसता टॉवेल पिळत राहिली.

"पहिली, काका. तुमची मुलगी पहिली आली."

आबा हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"आन् तुना?"

"माझा दुसरा."

मी फटीतून पाहिलं. आबांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला. तिने चटकन पुन्हा वर बसवला. त्यांनी पुन्हा ओढला. "दुसरा नंबर काय कमी ऱ्हास का?" ते थांबत थांबत म्हणाले. "मी तं शायमा बी नही गऊ. तू इतली मेहनत करस, मी रोज देखस ना. रडू नको व बेटा." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोपर्यंत ती रडत नव्हती. त्यांनी सांगितल्यावर मात्र ती रडायला लागली, तोंडावर ओला टॉवेल दाबून, हुंदके देऊन. आबा तिला थोपटत राहिले. त्यांना वाटलं, मुलगी नंबर गेला म्हणून रडते आहे.

नंतर जिन्यात मी तिला गाठलं. खोटं का बोललीस, असं विचारणार होते. तिने मला बोलूच दिलं नाही. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीसारखा करडा. "तुमच्याकडे नेहमी असंच बोलतात का?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, त्यात काय? ती खाली उतरून गेली.

आबा पुढे थोडेच दिवस होते. बमरोलीत दिवसकार्याला आलेला मिलमधला प्रत्येक माणूस मला सांगत होता की तुझा बाप तू पहिली आल्याचं कौतुक करत गेला. मी मान डोलवत राहिले. मला ते खोटं कधीच टोचलं नाही.

मग केस मांडायचा दिवस आला. तिच्याकडे सगळं तयार होतं, इतकं की मॅडमनी बाहेरच्या परीक्षकांना तिची केस ऐकण्यासाठी मुद्दाम थांबवलं होतं. ती उभी राहिली आणि तिने हर्नियाच्या एका रुग्णाची माहिती सांगितली. चारचौघी घेतात तसा साधा रुग्ण, घाईने तयार केलेली केस, आणि त्यातही ती दोन ठिकाणी अडखळली. वर्गात कुजबुज झाली. मॅडमनी विचारलं, "तुझी ती फुप्फुसाची केस कुठे गेली?"

"ती घेता येणार नाही, मॅडम," ती म्हणाली. "नातेवाइकाची केस चालत नाही ना."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याच्याने वर बघवलं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या निकालात ती दुसरी आली, खरोखरची. त्या संध्याकाळी तिचा फोन वाजला. उचलू की नको असं तिने थोडा वेळ केलं, मग उचलला. पलीकडून काय विचारलं गेलं ते मला ऐकू येण्याची गरज नव्हती.

"दुसरी, बाबा," ती म्हणाली.

पलीकडून "ठीक" आलं नाही. आता फोन आईकडे जाणार, हे तिलाही कळलं असावं, कारण ती घाईने म्हणाली, "बाबा, थांबा. आईला देऊ नका. अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते मी सांगू का? म्हणायचं, दुसरा नंबर काय कमी असतो का. म्हणायचं, रडू नको बेटा." तिचा आवाज चिरकला, पण तिने फोन कानापासून काढला नाही. "म्हणा ना, बाबा."

ती वाट बघत खिडकीशी उभी होती. मी दार लोटून गॅलरीत आले. तिच्या वडिलांनी ते म्हटलं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला तेव्हा फक्त आबांची फार आठवण येत होती.