झडप शिकवणाऱ्या मावशी

दोन तळहात एकमेकांना टेकवायचे, मधे बारीकशी फट ठेवायची आणि म्हणायचं, "पुढं जाईल. मागं येणार नाय." आमच्या बोईसरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो तुम्हाला हे करून दाखवेल. शिक्षिका मी, पण लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथली झडप पोरांना समजली ती प्रयोगशाळेतल्या मावशींमुळे. मला याचा राग यायचा, हे कबूल करते.

मावशी किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या, मासेमाराच्या घरातल्या. शिक्षण सातवी. दरवर्षी खाटकाकडून बोकडाचं आतडं त्याच आणायच्या आणि नळाखाली धुवायच्या. लहान आतड्याकडून पाणी ओतलं की ते सरळ मोठ्या आतड्यात जायचं. उलट बाजूनं ओतलं की झडपेचे दोन ओठ मिटायचे आणि मोठं आतडं टम्म फुगायचं. थेंबसुद्धा मागं नाही. "तिकडची घाण हिकडच्या अन्नात कालवायला नको," मावशी सांगायच्या, "आनि अन्नालाबी जरा थांबवते ती. आंगाला लागूं दे म्हनते." मला हेच सांगायला अख्खा तास लागायचा.

माझ्या पहिल्याच वर्षी त्यांनी माझी फजिती केली. तपासणीला साहेब येणार म्हणून आतडं जरा जास्तच स्वच्छ करायला गेल्या. घरी वजडी साफ करतात तसं काडीवर उलटं करून, मीठ चोळून, अगदी लखलखीत! साहेबांसमोर मी पाणी ओतलं, तर ते दोन्हीकडून भसाभसा वाहिलं. झडपेचे ओठ बाहेर आलेले, मिटणार काय कप्पाळ! मी संतापले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाई, उलटं झालंय. थांबा, सुलटं करते." केलं, आणि साहेबांना स्वतःच समजावूनही सांगितलं.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना मावशींचंच पोट दुखायला लागलं. आतड्याचा क्षय, आणि नेमका त्याच जागी. आतडं इतकं आकसलं होतं की अन्न पुढं सरकेना. डॉक्टरांनी तेवढा भाग झडपेसकट काढला आणि दोन टोकं जोडली.

जीव वाचला, पण अन्न रोखून धरणारं आता काही नव्हतं. दिवसातून दहा-बारा वेळा धावावं लागे. मावशी घराबाहेर पडेनात. मुलगा म्हणाला, नोकरी सोड. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "एकदा तरी पोरांना परत दावायचंय, बाई. पन भर वर्गातून पळावं लागलं तर? हसतील वो." सुरीला, सुईला न घाबरलेली बाई या एका गोष्टीला घाबरली होती.

डॉक्टर म्हणाले होते, उरलेलं आतडं हळूहळू शिकतं. मग मावशींनी त्याला शिकवायलाच घेतलं. वेळेवर औषधं, मऊ भात, केळं. सुक्या बोंबलाच्या चटणीला हात नाही, आणि दांडीच्या बाईनं हे पाळणं म्हणजे बघा! शिवाय रोज घरापासून थोडं लांब जायचं. मोबाइलवर मला त्यांचा आवाज यायचा, "बाई, आज बंदरापर्यंत." काही आठवड्यांनी कॉलेजच्या वाटेवरून, "आज नवापूर झालं." एकदा कुंभवलीला रिक्षातून उतरून अनोळखी घरात शिरावं लागलं. मी म्हटलं, "मावशी, पुरे आता." तर मलाच ओरडल्या, "पुरे कसं? उद्या परत कुंभवली."

आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्या खरंच आल्या, हातात आतड्याची पिशवी. मी दाराजवळ खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी बाजूला सरकवली आणि पोरांसमोर उभ्या राहिल्या. "ही झडप माज्या पोटात आता नाय. म्हनून मी मधीच गेले तर थांबा. मी येते."

पाणी ओतायला घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. भरलेला बीकर पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात देऊन त्या झरझर निघून गेल्या.

सतरा वर्षांची पोरं ती, कुणी शिंकलं तरी फिदीफिदी हसणारी. कुणी हसलं नाही. कुणी खाली बसलंही नाही. ती मुलगी बीकर धरून तशीच उभी. मला रडू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे वळले.

दहा मिनिटांनी मावशी पदराला हात पुसत आल्या. सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि त्या मुलीला म्हणाल्या, "हां, वत आता. हळू."