आबाजींचे दात

गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांनी माझी नवी कवळी हातावर ठेवली आणि मला हसूच फुटलं. पस्तीस वर्षांपूर्वीची, यवतमाळहून नेरला जाणारी एसटी आठवली.

माझी प्रज्ञा तेव्हा चार वर्षांची. बिस्किटं, माझ्या बांगड्या, खिडकीबाहेरच्या बकऱ्या, सगळं दाखवून झालं तरी तिचं भोकाड थांबेना. अख्खी बस माझ्याकडे बघत होती. आता मलाच रडू येणार होतं. तेवढ्यात शेजारच्या सीटवरचे एक धोतरवाले आबाजी म्हणाले, "थांब बाई, मी करतो तिले गप." त्यांनी तोंडात बोटं घातली आणि वरचे सगळे दात काढून तिच्यापुढे धरले.

प्रज्ञा गप्प झाली. मग माझ्या तोंडात हात घालून दात ओढू लागली. "आई, तू बी काढ ना!"

"माहे दात निघत नाही बेटा."

"काहून नाही निघत?" तिनं पुन्हा गळा काढला.

आबाजी ओशाळले. नेर येईपर्यंत बिचारे दात काढत आणि बसवत राहिले. उतरताना प्रज्ञानं त्यांना मोठ्यानं बजावलं, "आबाजी, आता घट्ट लावा. नाहीतर पडतीन!"

सारी बस हसली. त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले. मी तोंड उघडलं असतं, तर प्रज्ञानं पुन्हा माझे दात धरले असते.