देवकाबाईंची पुलगावची करंजी

समुद्रपुरात देवकाबाईंना खोटारडी कुणी म्हणत नसे. फक्त पुलगावचं नाव निघालं की बाया पदराआड हसत. कोणकोण हसे, त्यांची नावं कशाला घ्या! शेजारच्या मनकर्णाबाई सगळ्यांत पुढे असत, एवढं सांगितलं तरी पुरे.

देवकाबाई सात वर्षांच्या असताना त्यांचे वडील पुलगावात एका गोऱ्या साहेबाकडे कारकून होते. नाताळात वडिलांचं बोट धरून त्या बंगल्यावर गेल्या आणि मडमीनं त्यांच्या तळहातावर काहीतरी ऊनऊन ठेवलं. चिरोट्यासारखं पापुद्र्यांचं, आत काळंभोर, गोड आणि किंचित कडू. त्याला तीस वर्षं झाली. साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, पण दुपारच्या डुलकीत ती चव अजून जिभेवर उतरायची. डोळे मिटले की पापुद्रे पिंपळपानांसारखे सळसळत आणि त्यांच्या आत मऊमऊ अंधार वितळत राही.

पण मनकर्णाबाईंची जीभ वकिलाची.

"देवके, तू तं म्हणतं, फोडलं नाई, आधी काळं पाह्यलं अन् मंग तोंडात टाकलं. न फोडता आतलं कसं दिसलं व तुले?"

आधी देवकाबाई चिडत, मग विषय निघाला की उठून चुलीकडे जाऊ लागल्या. अलीकडे तर त्यांचं त्यांनाच वाटे, ते पुलगाव, ती मडम, सगळं तापात पडलेलं स्वप्न तर नसेल?

अशात दिवाळीला त्यांचा भाऊ कृष्णकांत नागपूरहून चॉकलेटची एक चपटी वडी घेऊन आला. "ताई, हे घे तुहं पुलगाव! काळं, गोड अन् थोडं कडू."

देवकाबाईंनी मैदा भिजवला. तुपात तांदळाचं पीठ फेसून साटा केला, पोळीवर पोळी ठेवून घड्या घातल्या, लाटल्या, आत चॉकलेटचे तुकडे भरले. पाच करंज्या झाल्या. पहिल्या दोन कढईत सोडल्या मात्र, टाके उसवावेत तशा उकलल्या. तूप काळं झालं आणि देवकाबाईंचं तोंड पांढरं. वडी एकच होती. या उरलेल्या तीन गेल्या, की खरं काय ते जन्मात कळणार नव्हतं.

ओसरीवरून पुंडलिकराव बोलले. हे त्यांचे यजमान, शाळेत मास्तर. पण गावात त्यांचं खरं नाव रोडग्यांसाठी. मारुतीच्या पंगतीला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे गोल रोडगे भाजावे ते त्यांनीच.

"अवं, तळून नाई होत ते. भाजा लागते."

अंगणात गोवऱ्या पेटल्या. पितळी डब्यात पळसाची पानं, त्यावर तीन करंज्या, खालीवर निखारे. मनकर्णाबाई पाट मागून घेऊन समोरच बसल्या. धुरात देवकाबाईंचे डोळे मिटत होते. अंगण कुठं संपतं आणि पुलगावच्या बंगल्याची बाग कुठं लागते, कळत नव्हतं.

झाकण निघालं. तिन्ही करंज्या फुलून सोनेरी झालेल्या. देवकाबाईंनी हात पुढे केला, तोवर पुंडलिकरावांनी निखाऱ्यांतून रोडगा काढल्यावर जन्मभर करत आले तेच केलं: एक धोतराच्या सोग्यात धरली आणि तूप ओतायला मुठीत दाबून फोडली.

चुर्रर!

"अहो, हे काय केलं!"

"हाताची सवय व, काय करू!"

मनकर्णाबाई पोट धरून हसल्या. "गेलं पुलगाव!"

देवकाबाईंना ऐकूच येत नव्हतं. नवऱ्याच्या तळहातावर फुटलेली करंजी, मधे चकाकणारं काळं. आणि डोळ्यांपुढे दोन गोरे हात, एका बोटात हिरवा खडा. तोच चुर्र आवाज.

"अर्धी होती," त्या हळूच म्हणाल्या. "मडमीनं फोडूनच देल्ली. अर्धी तिच्या पोरीले, अर्धी मले. म्हणून तं खायच्या आधी दिसलं!"

त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत.

मनकर्णाबाईंनी नुसता हात पुढे केला.

देवकाबाईंनी दुसरी करंजी मोडली, अर्धी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि मनगट धरलं.

"थांब. आधी पाहून घे. मंग खाय."