उचलायचा नसलेला फोन

भिंतीवरचा जुना फोन वाजला आणि मी उचलला. माझी चूक म्हणाल तर एवढीच. लेम्पीमावशी लाकडं आणायला मागच्या शेडमध्ये गेली होती. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिचा नवा मोबाईल लावून देत होतो. सकाळचे सात वाजले होते, आणि आमच्या गावच्या शाळेत शिकलेली एवढीच गोष्ट माझ्या लक्षात आहे की थोरामोठ्यांच्या घरचा फोन वाजत ठेवू नये.

"हॅलो, कांगसांचं घर," मी म्हणालो.

पलीकडे कुणीतरी दचकून श्वास घेतला. काहीतरी धाडकन पडलं आणि लाईन बंद झाली.

मावशी आत आल्यावर मी अभिमानानं सांगितलं. तिच्या हातातली लाकडं खाली पडली.

"उचललास?"

"वाजला म्हणून."

"एकतीस वर्षं वाजतोय मेल्या, मी उचललाय का कधी?"

तो फोन खाडीपलीकडच्या आर्वो सारीचा होता. रस्त्यानं गेलं तर चाळीस मैल. लांबच्या कॉलला मिनिटामिनिटाला पैसे पडायचे तेव्हापासून दोघांचं ठरलेलं: सकाळी सातला त्यानं दोन घंट्या देऊन फोन ठेवायचा, मग तिनं दोन द्यायच्या. म्हणजे दोघांची रात्र सुखरूप गेली, आणि तीही फुकटात. समोरच्यानं उचललाच, तर त्याचा अर्थ, ये, माझं काही खरं नाही.

तिनं लगेच त्याला फोन लावला. वाजत राहिला.

"निघाला," ती म्हणाली. "या बर्फात. त्या गाडीचे टायर बघितलेस का तू?"

आणि मग, शपथेवर सांगतो, ती केस विंचरायला गेली.

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी आर्वोनं तिला लग्नाचं विचारलं होतं, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ती खाडीकाठचं घर सोडेना, तो गायी सोडेना. गायी केव्हाच विकल्या. आता नुसत्या कोंबड्या आहेत. तरी दोघं आपापल्या काठावर.

साडेआठला आर्वो दारात उभा. अंगात पायजमा, वर जाड कोट, हातात फावडं.

"कुठं पडलीस?"

"मी नाही पडले. हा ट्रेव्हर लहानपणी डोक्यावर पडलाय."

आर्वोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची रिकामी केली. मावशीनं कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढं ठेवला. दोघं तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी अंत्यविधीला भेटले होते, त्यानंतर आजच.

"म्हातारा झालास रे. फोनवर वाटत नाही तसं."

"तुझाही आवाज अजून चांगलाय," आर्वो म्हणाला. एकतीस वर्षांत ही दोघं फोनवर एक शब्द बोललेली नाहीत, हे लक्षात घ्या.

मग मावशीनं टेबलावरचा कागद त्याच्यापुढं सरकवला. फोन बंद करायचा अर्ज. तिची मुलगी कॅरन डेट्रॉइटला असते, बिल तीच भरते. बिल वाढलं म्हणून तिनं मोबाईल पाठवला होता, आणि मावशीची सही घ्यायचं काम माझ्यावर टाकलं होतं.

"मोबाईलची रेंज फक्त माळ्यावरच्या खिडकीत येते," मी म्हणालो. निदान एवढं तरी खरं सांगावं.

"आणि माझे गुडघे माळ्यावर चढत नाहीत," मावशी म्हणाली. "बंद करू का, आर्वो?"

आर्वोनं अर्ज दोनदा वाचला. "कर बंद. मुलीचे पैसे कशाला घालवायचे?"

मावशी पाव कापत होती. सुरी थांबली.

"मग सातला मी काय ऐकू?"

तो कप फिरवत राहिला. मी खिडकीबाहेर इतकं निरखून पाहिलं, जणू तिथं काही होतं.

"तू परत कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"गायी होत्या."

"गायी विकून अकरा वर्षं झाली."

"हो," आर्वो म्हणाला. "तूही काही म्हणाली नाहीस."

मावशीनं अर्ज चुलीत सारला. "कॅरनला सांग, बिल यापुढं मी भरणार."

आर्वो जाताना फावडं विसरला. रविवारी ते द्यायला गेलो तेव्हा कळलं, की त्या सकाळच्या घाईत खुराड्याचं दार उघडंच राहिलं आणि कोल्ह्यानं दोन कोंबड्या नेल्या.

"दोन कोंबड्या देणं लागतोस," आर्वो म्हणाला.

मी मावशीला सांगितलं, पुढच्याच आठवड्यात नेऊन देतो.

"एकटा जाऊ नकोस," ती घाईनं म्हणाली. "मीही येते. बर्फ तेवढा वितळू दे."

एप्रिलमध्ये बर्फ वितळला, तर रस्त्यात चिखल होता. मेमध्ये बटाटे लावायचे होते. आता जून संपत आला. रोज सातला दोन घंट्या येतात, दोन जातात. कोंबड्या मी अजून घेतलेल्याच नाहीत. काल मावशीनं विचारलं, आर्वोच्या कोंबड्या कुठल्या रंगाच्या.

"तपकिरी," मी म्हणालो.

"मग तपकिरीच बघ. नीट शोधून घे. घाई नाही."