काचेवरचं टेकाड

सुपातले गहू निम्मे निवडून झाले होते, तेवढ्यात जुन्नरहून सावळेराम मास्तर आले. आशाने सूप तसंच बाजूला सारलं. तिचा नवरा अमृत जाऊन महिना झाला होता. सुतक फिटलं, देवापुढे पुन्हा दिवा लागू लागला, पण तिला रडू काही आलं नव्हतं.

अमृत मास्तरांच्याच शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई. शाळेच्या दुर्बिणीसाठी परातीएवढा आरसा तो निरगुडसरला घरीच घासायचा. खंडेनवमीला आशा हळदकुंकू वाहायची तेही आरशाच्या पेटीला, काचेला बोट लावलेलं त्याला खपत नसे.

"हाताच्या उबेनंबी फुगती ती. लई नाजूक."

"मग तिलाच सांगा भाकरी थापायला," आशा म्हणायची.

"वहिनी, आज आरसा तपासून नेतो," मास्तर म्हणाले. "बरोबर उतरला तर पुण्याला मुलामा द्यायला धाडू. न्हाईतर मलाच परत घासावा लागंल, अन् अमृतभाऊंचा हात काय मला नाय."

तिच्या आत काही हललं असेल तर एवढ्यानंच. त्या काचेवर दुसऱ्याचा हात फिरायला नको होता.

धान्याच्या बिनखिडकीच्या खोलीत तिने आरसा उचलून लाकडी घोडीवर उभा केला. मास्तर बाहेर दिव्याची वायर जोडत होते. तिने काचेच्या मधोमध तळवा ठेवला. काच गार होती. बऱ्याच वेळाने तिने हात काढला, मऊ फडक्याने डाग पुसला.

मास्तरांनी दार लावलं. दिव्यावर पालथ्या घातलेल्या डब्याच्या बारीक भोकातून उजेड आरशावर सोडला, परतलेल्या उजेडात ब्लेडचं पातं हळूच सरकवलं आणि मागे डोळा लावला. असं पाहिलं की काचेवर सावली उतरते, आणि केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी खोटसुद्धा डोंगरासारखी उठून दिसते.

"मधी टेकाड हाय," ते हळू म्हणाले. "घासावा लागणार, वहिनी."

आशा दाराला टेकून उभी होती. बोलायचाही कंटाळा आला होता तिला.

"माजा हात व्हता तिथं. आत्ताच. निवू द्या."

मास्तरांनी पातं मागे घेतलं. चहा झाला, गावच्या उसाच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी पुन्हा डोळा लावला, आणि उठून तिला स्टूल दिलं.

टेकाड बसलं होतं. सावली गोल, सारखी उतरत होती. तिच्या हाताची खूण कुठेच नव्हती.

"पुरा करूनच ठेवलाय भाऊंनी."

"बरं झालं," ती म्हणाली.

पेटीखाली घालायला तिने जुन्या गोधडीची घडी दिली. मास्तरांची एसटी गेल्यावर उरलेले गहू निवडले, डबा भरला आणि दळण टाकायला ती गिरणीकडे निघाली.