बिनबैलाची तोफ

चाकूरच्या किशनराव गंगापुऱ्यांचं ज्याच्याशी भांडण नाही असा माणूस शोधायचा तर तालुक्याबाहेर जावं लागेल. तिथंही लातूरचे दातांचे डॉक्टर वगळावे लागतील. त्या डॉक्टरांसाठी किशनरावांनी अठ्ठावीस वर्षं कवळ्या घडवल्या. कवळी बसली की म्हातारे मटण खाऊन खूश व्हायचे आणि पेढे द्यायचे डॉक्टरांना. कारागिराचं नाव कुठंच नाही. आता कवळीवर नाव कोरलं असतं तरी ते कोण, कुठं वाकून वाचणार होतं, हा प्रश्न किशनरावांना विचारायची सोय नव्हती.

पन्नाशीला त्यांनी कवळ्या सोडल्या आणि त्याच हातांनी शिपाई ओतायला घेतले. दोन इंच उंच, कथील-शिशाचे, जुन्या लढायांतले. मावळे, रोहिले, निजामाचे अरब. पुण्या-हैदराबादचे शौकीन ते विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडतात. गावानं 'बाहुल्यांचा कारखाना' म्हणून हिणवलं, तर किशनरावांनी गावाशी बोलणं टाकलं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं अंगरख्याचं बटण चुकलं म्हणून कळवलं, तर त्याला उलट टपाली उत्तर गेलं की तुमची लायकी जत्रेतल्या प्लास्टिकच्या मावळ्याची आहे.

अशा माणसाला नांदेडचे कानाचे डॉक्टर अश्वजित यांनी मोठी ऑर्डर दिली. उदगीरच्या लढाईतली निजामाची एक तोफ, बारा गोलंदाज आणि तोफ ओढणाऱ्या बैलांच्या आठ जोड्या. हैदराबादच्या प्रदर्शनात मांडायच्या होत्या, आणि शेजारी कार्डावर घडवणाऱ्याचं नाव छापायचं होतं. हे शेवटचं वाक्य किशनरावांनी डॉक्टरांकडून फोनवर तीनदा वदवून घेतलं. त्या दिवसापासून त्यांची मिशी कुणाला आवरेना.

ओतायचं किशनरावांनी आणि रंगवायचं त्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी, अशी घरात वाटणी होती. आषाढात गोलंदाजांच्या पायजम्यावरून जुंपली. किशनराव म्हणाले निळा, बाईंनी केला हिरवा. तुला इतिहास कळत नाही, असं ते म्हणाले. "तुमी होता का तिथं पायजमा बघाया?" असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून किशनराव रंगाच्या खोलीत पाऊल टाकेनात. कोरे नग उंबऱ्यावर ठेवायचे आणि निघून यायचं. रंगवलेले नग बाई कापसात गुंडाळून परस्पर खोक्यात भरायच्या.

भादव्यात डॉक्टर गाडी घेऊन आले. खोकं उघडलं. भिंगातून बघत त्यांनी गोलंदाजांची तारीफ केली, पायजम्यासकट. किशनरावांनी दात आवळले. मग बैल निघाले.

सोळाच्या सोळा बैलांची शिंगं हिंगुळानं लाल. कपाळाला बाशिंग, पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळ. अंगावर हळदी-कुंकवाची बोटं. एकाच्या तोंडाला पुरणही चिकटलेलं. बैल उंबऱ्यावर आले ते नेमके पोळ्याच्या दिवशी. घरची शेवटची जोडी चार वर्षांपूर्वी विकलेली, शेतात भाड्याचा ट्रॅक्टर. बाईंनी हे सोळा बैल सजवले, ओवाळले, जेवू घातले आणि खोक्यात भरले.

"काका," डॉक्टर म्हणाले, "हे लढाईला निघालेत का मारुतीला फेऱ्या मारायला?"

किशनराव आधी घरात बघून ओरडले. अठ्ठावीस वर्षं कवळ्या घडवून आता कुठं नाव लागायची वेळ आली आणि ह्या बाईनं वाटोळं केलं, असा एकूण आशय होता. केवळाबाई ब्रश हातात घेऊनच बाहेर आल्या.

"लढाईवर चाललेत. माघारी येतील का न्हाई, कोणाला ठाव," त्या म्हणाल्या. "सणाच्या दिशी तशेच उघड्या शिंगांनी धाडू?"

डॉक्टर हसले. थिनरनं दहा मिनिटांत निघेल म्हणाले आणि एक बैल उचलून त्यांनी बाशिंगाला नख लावलं. किशनरावांनी तो बैल त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हात न्हाई लावायचा. न्यायचे तर असेच न्या."

डॉक्टरही हट्टी. त्यांनी तोफ नेली, गोलंदाज नेले, बैल ठेवून गेले. कार्ड मात्र लावतो म्हणाले. गाडी वळली तशी केवळाबाईंनी नवऱ्याला धारेवर धरलं, असं गिऱ्हाईक घालवतं का कोणी म्हणून. किशनराव म्हणाले, पायजमा चुकलाच आहे.

महिन्यानं हैदराबादहून मोबाईलवर फोटो आला. काळ्या कार्डावर पांढरी अक्षरं: किशनराव गंगापुरे, चाकूर. ज्या लोकांशी बोलणं टाकलेलं, त्यांनाही किशनरावांनी तो दाखवला. न बोलता, नुसता मोबाईल नाकासमोर धरून. घरी तिसऱ्या चहाला अक्षरं अजून मोठी करावीत म्हणून बोटं फिरवली आणि फोटो खाली सरकला. माळाच्या मधोमध तोफ. भोवती बारा गोलंदाज. तोफेचा दांडा मातीत टेकलेला. ओढायला कोणी नाही.

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "माझं कार्ड काढा."

डॉक्टर चक्रावले. लोक वाखाणतायत, म्हणाले.

"ती तोफ उदगीरपातूर कोणी वढली, तुमच्या आज्यानं? बघणारा म्हणंल, किशनराव गंगापुऱ्याला एवढंबी कळत न्हाई."

मग साधे बैल धाडा, आजच मांडतो, असं डॉक्टर म्हणाले. केवळाबाई दारात उभ्या होत्या. किशनरावांनी त्यांच्याकडे रागानंच पाहिलं.

"साधे बैल आमच्यात नसतात," म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी दुसरा फोटो आला. तोफ तिथंच, कार्ड गेलेलं. किशनरावांनी तोही गावभर दाखवला.